कपाटामागची तार

युसूफ, तुला जाऊन आज एकोणीस दिवस झाले आणि मी पहिल्यांदा तुझ्याशी नीट बोलायला बसलो आहे. तेही कागदावर. कागद समोर आला की माझी बोली पळून जाते आणि शाळेची मराठी येऊन बसते. तू वाचलं असतंस तर म्हणाला असतास, "हे काय बे मास्तर, कलेक्टरले अर्ज लिहून राहिला काय?" असू दे अर्ज. बत्तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर होतो, काचेच्या नळ्या धुतल्या, पोरांना मीटर काढून दिले, मास्तर एक दिवस नव्हतो. हे अख्ख्या मूर्तिजापुरात तुझ्याइतकं कोणाला माहीत नव्हतं, आणि मास्तर म्हणणाराही तू एकटाच. पहिली काही वर्षं मला राग यायचा. पुढे पुढे कोणी दिनकरराव म्हणून हाक मारली की मी मागे वळून बघायचो, हा कोणाला बोलावतोय.

थकलो आहे रे. जवळचं माणूस गेलं की रडू येतं म्हणतात. मला नुसती झोप येते. सकाळी उठतो, तोंड धुतो, चहा घेतो आणि परत आडवं व्हावंसं वाटतं. तुझ्या वहिनीनं, शोभानं, बीपी मोजून आणायला लावला. बरोबर निघाला. ती म्हणाली, मग असे काय करता? मला काय माहीत काय करतो.

तू कोण होतास, दुकान कधी टाकलंस, आयुष्यभरात पंपाच्या किती जळक्या मोटारींत नवी तार भरलीस, हे मी लिहिणार नाही. ते जनाज्याला आलेल्या लोकांचं बोलून झालं. "भला आदमी था," जो तो म्हणत होता. भला होतास, पण तेवढाच होतास काय? एक नंबरचा हट्टी होतास. चहात साखर कमी पडली की तोंड फिरवायचास. हरलेल्या वादावर आठ दिवसांनी नवीन मुद्दा घेऊन हजर व्हायचास. शकुंतला रेल्वे चालू होती तेव्हा अचलपूरला जाताना गाडी हळू झाली आणि आपल्यातला एक जण खाली उतरून बोरं तोडून पळत परत चढला. तो तू की मी, यावर आपण चाळीस वर्षं भांडलो. तो मीच होतो. या बाबतीत तू मेलास तरी मी मागे हटणार नाही.

जिथं हटायला पाहिजे होतं ती गोष्ट वेगळी आहे. तीच सांगायची आहे, आणि सांगायचा कंटाळा आला आहे, कारण एकोणीस दिवस मी ती मनातल्या मनात सांगूनच राहिलो आहे.

या उन्हाळ्यात दुपारची लाइट जायला लागली. माय पंच्याऐंशीची, अंथरुणाला खिळलेली. कूलर बंद पडला की पाच मिनिटांत तिचा जीव वरखाली व्हायचा. मी ओला पंचा तिच्या अंगावर टाकून पुठ्ठ्यानं वारा घालत बसायचो. अशाच एका दुपारी तू आलास, उंबऱ्यातच उभा राहून बघितलंस आणि म्हणालास, "सोलरवर इन्व्हर्टर बनवू."

मी म्हटलं, "विकत भेटते बे बाजारात."

"भेटते नं. मंग आपण दोघं कायच्यासाठी आहो?"

शाळेनं भंगारात काढलेली तराजूची पेटी माझ्याकडे पडून होती, सागवानी, पुढून सरकत्या काचेची. यंत्र त्यात बसवायचं हे माझं डोकं. तू हसलास, पण बसवलंस. एका जळक्या इन्व्हर्टरच्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा घेऊन त्यावर नवी तांब्याची तार हातानं भरलीस, थरावर थर, मधे कागद, वरून व्हार्निश, आणि आमच्या गच्चीवर शोभाच्या वड्यांच्या शेजारी उन्हात वाळवलंस. बोर्ड अकोल्याहून आणला. वर दोन पॅनल, खाली हॉलच्या कोपऱ्यात बॅटरी, शेजारी लोखंडी कपाट, कपाटाच्या पलीकडे भिंतीवर काचेची पेटी. बॅटरीपासून पेटीपर्यंत कपाटाच्या मागून तू करंगळीएवढ्या जाडीची तार टाकलीस. मी म्हटलं, एवढी जाड कशाला, बैल बांधायचाय काय?

"मास्तर, बारा व्होल्टवर हा कूलर ओढायचा म्हणजे लय करंट लागते. बारीक तारेत तो घुसमटते. अर्धं व्होल्टेज रस्त्यातच गरम होऊन मरते, पेटीपर्यंत पोचतच नाही."

हे वाक्य मी ऐकलं होतं, युसूफ. कान उघडे ठेवून ऐकलं होतं.

भर दुपारी लाइट गेली आणि कूलर चालूच राहिला, त्या दिवशी मायनं तुला जवळ बोलावलं. तुझा हात हातात घेऊन म्हणाली, "युसूफ, तुह्या हाताले यश आहे रे बाप्पा." तू लाजलास. हात सोडवून घेतलास, कारण तो कापत होता आणि ते तिला कळू नये असं तुला वाटत होतं. दोन वर्षं झाली होती हात कापायला लागून. चहाचा कप बशीत वाजायचा. पण तांब्याची तार हातात आली की तो हात कसा कोण जाणे शांत व्हायचा, हे मी शेजारी स्टुलावर बसून कितीदा बघितलं आहे. तरीही मी जे बोललो ते बोललोच.

भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. आमच्या घरी त्या हॉलच्या त्याच कोपऱ्यात बसतात, बाबांच्या आधीपासून. दरवर्षी दुसऱ्या दिवशीच्या जेवणाला तू असतोस, सोळा भाज्या मोजून खातोस आणि आंबिलीची वाटी दोनदा मागतोस. या वर्षी तू बाळापूरला पुतणीच्या लग्नात अडकलास. शोभा म्हणाली, "ही देवीची जागा आहे, बॅटरी उचला इथून." मी उचलली आणि मागच्या खोलीत नेऊन ठेवली. तार पुरेना. तू असतास तर काहीतरी केलं असतंस. तू नव्हतास, आणि मी प्रयोगशाळेतला माणूस, मला काय येत नाही? पंख्याच्या फिटिंगमधून उरलेली बारीक तार घरात होती. तुझी जाड तार मधून कापली, दोन्ही तुकड्यांच्या मधे ती बारीक तार पिळून जोडली आणि वरून टेप गुंडाळला. तीन दिवस पेटीवर नुसते मखराचे दिवे होते, काही बिघडलं नाही. देवी गेल्यावर बॅटरी परत कोपऱ्यात आणली. तार पुन्हा पहिल्यासारखी कोण करत बसतो? वाढलेली तार गुंडाळून कपाटामागे सारली आणि कपाट भिंतीला लावलं. एका बाजूनं तुझी जाड तार आत जाताना दिसायची, दुसऱ्या बाजूनं तुझीच जाड तार बाहेर येताना दिसायची. मधलं कोणालाच दिसत नव्हतं. दोन दिवसांत मीसुद्धा विसरलो.

मग ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं, लाइट जायला लागली आणि कूलर चालू केला की पेटी टीं टीं ओरडायची. दिवे पिवळे पडायचे, कूलर कण्हायचा, आणि दहा सेकंदात सगळं बंद. तुला बोलावलं. तू आलास, काच सरकवलीस, जमिनीवर मांडी घातलीस.

"काही हलवलं काय मास्तर?"

"कुठं काय हलवलं? जिथली तिथं तर आहे सगळं."

हे माझं पहिलं उत्तर. दुसरं ऐक. तुझे हात त्या दिवशी फार कापत होते, मीटरच्या पिना जागेवर टिकत नव्हत्या. तू पिना माझ्या हातात दिल्यास. "लोड देऊन मोज. कूलर चालू असताना आधी बॅटरीवर मोज, मंग पेटीवर मोज. फरक किती येते ते सांग." मी बॅटरीवर मोजलं, कूलर चालू ठेवून, बरोबर मोजलं. पेटीवर मोजायला गेलो तर पिना लावेपर्यंत पेटी बंद पडली. पुन्हा चालू करून पुन्हा घाई करायची होती. माय आतून हाका मारत होती, घाम डोळ्यात जात होता, आणि मला आधीच खात्री होती की खोट ट्रान्सफॉर्मरमध्ये आहे. मी लोडशिवायच पेटीवर पिना लावल्या आणि तुला सांगितलं, "सारखंच आहे बे. काही फरक नाही."

तू एकदा माझ्याकडे बघितलंस. "लोडवर मोजलं नं?"

"मोजलं म्हणून सांगून राहिलो नं!"

बत्तीस वर्षं मी पोरांना ओरडलो, अरे गाढवांनो, न घेतलेलं रीडिंग वहीत लिहू नका. एका पोराची वही मी थेट मोठ्या सरांपर्यंत नेली होती, शेजाऱ्याचे आकडे उतरवले म्हणून. आणि साठी ओलांडल्यावर, ज्यानं माझ्या शब्दावर कधी शंका घेतली नाही त्याला मी न घेतलेलं रीडिंग दिलं. तू मान हलवलीस. मास्तर बोलला म्हणजे झालंच. तरी पुटपुटलास, "तार कुठंतरी खाऊन राहिली असं वाटते." मी म्हटलं, "तुले तर सगळं तारेतच दिसते. तुह्या वाइंडिंगमध्येच खोट आहे."

मग तू ते केलंस जे मी आज आठवू नये म्हणतो आणि आठवतं. आधी बोर्डाचे पार्ट बदललेस. फरक पडला नाही. मग ट्रान्सफॉर्मर दुकानात नेलास, उन्हाळ्यात भरलेली सगळी तार सोडवलीस आणि नव्यानं भरलीस. पूर्वी दोन दिवसांचं काम होतं ते. तुला नऊ दिवस लागले. मी मधे एकदा दुकानात डोकावलो तेव्हा तू डावा हात टेबलाच्या कडेवर दाबून धरला होतास, कापू नये म्हणून, आणि उजव्यानं वेढे मोजत होतास. मला बघून आकडा चुकला. तू वीस वेढे मागे सोडलेस आणि पुन्हा सुरू केलंस. मी म्हटलं, घाई कर, मायचे हाल होऊन राहिले.

दहाव्या दिवशी आणून बसवलास. टीं टीं. बंद.

त्या दिवशी मी तुझ्या मागोमाग दुकानात आलो. समोरच्या टपरीवरचा गजू चहा घेऊन उभा होता. खेड्यावरचा एक माणूस पंपाची मोटार भरायला घेऊन बसला होता. मी त्या सगळ्यांसमोर म्हणालो, "युसूफ, हात कापतात तुह्ये. आता सोड हा धंदा."

तू हातातला पान्हा खाली ठेवलास. भांडशील असं वाटलं होतं. आयुष्यात माझ्याशी न भांडता तू एक गोष्ट सोडली नव्हतीस. तू म्हणालास, "बरोबर आहे तुह्यं." एवढंच. तो खेड्यावरचा माणूस उठला, मोटार गोणपाटात बांधली आणि म्हणाला, "मंग मी अकोल्यालेच नेतो जी." आणि नेली. मी बघत उभा होतो. थांब म्हणायला तोंड उघडलं नाही माझं.

आपण तीन आठवडे बोललो नाही. मूर्तिजापूर केवढं! दिवसातून दोनदा तुझ्या दुकानावरून जावं लागतं. मी लांबच्या गल्लीनं जायला लागलो. शोभा म्हणाली, "लहान आहे काय तुमी?" मी म्हटलं, तो येईल. दर वेळी तोच आला आहे. पहिली माघार दर वेळी तुझीच असायची, आणि माझी अशी समजूत झाली होती की हा काही नियमच आहे.

मधे एक दिवस मी अमरावतीला पोरीकडे गेलो होतो. परत आलो तर शोभा म्हणाली, "युसूफभाऊ आले होते. चहा पिऊन गेले." माझ्या मनात काय आलं माहीत आहे? आलाच शेवटी. मी एवढंच म्हटलं, "बरं." आणि शोभाही पुढे काही बोलली नाही.

गुरुवारी सकाळी तुला छातीत दुखलं, अकोल्याला नेलं. दुपारी मला कळलं. लगेचची पॅसेंजर पकडली असती तर तासाभरात तुझ्या खाटेजवळ असतो. नाही आलो. लोक विचारतात तेव्हा सांगतो, माय एकटी होती. खोटं आहे. शोभा घरी होती. दवाखान्यात आलो असतो तर आधी बोलणारा मी ठरलो असतो, म्हणून नाही आलो. म्हटलं, रविवारी सुटून घरी येईल, संत्री घेऊन जाऊ, बसू, तोच काहीतरी टोमणा मारेल आणि मिटेल. तू शनिवारीच गेलास. आता सांग, या माणसाला काय म्हणायचं? तुझ्याकडे माझ्यासाठी शिव्या पुष्कळ होत्या. यासाठी त्यातली एकही पुरत नाही.

तुला खांदा दिला. माती दिली. घरी आलो आणि झोपलो.

परवा शोभा नसीमभाभींना भेटायला गेली. भाभी इद्दतीत आहेत, नवऱ्यामागचे ते महिने परक्या पुरुषाला भेटत नाहीत, म्हणून मी जायचा प्रश्न नव्हता, आणि खरं सांगतो, बरं वाटलं. शोभा परत आली ती कापडी पिशवी घेऊन. "भाभींनी दिली. दुकानात होती म्हणे, तुमचं नाव आहे तिच्यावर." पिशवीत जाड तारेचे दोन तुकडे होते, एक लाल, एक काळा. एका मापाचे, चारही टोकांना, स्क्रूखाली धरायला, तांब्याचे लग घट्ट दाबून बसवलेले. लालला दोऱ्यानं पुठ्ठ्याचा तुकडा बांधला होता. अक्षर तुझं, कापणारं, एक एक काना वाकडा.

"मास्तर. कपाटामागं. लोड देऊन मोज."

शोभा पंख्याखाली उभी राहून पदर बोटाला गुंडाळत होती. मग बोलली. त्या दिवशी तू आलास तेव्हा पेटीकडे बघितलंच नाहीस म्हणे. मायच्या पायाशी बसलास, इकडचं तिकडचं बोललास आणि मग विचारलंस, "वहिनी, महालक्ष्म्या कुठं बसवता तुमी?" तिनं कोपरा दाखवला. मी बॅटरी मागच्या खोलीत नेली होती हेही सांगितलं, सहज. तू कपाटाच्या फटीत गाल लावून मोबाइलचा उजेड टाकलास. बराच वेळ बघत होतास. मग सुतळी मागितलीस आणि बॅटरीपासून पेटीपर्यंत माप घेतलंस.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"हसले. म्हणाले, मास्तरनं प्रॅक्टिकल केलं वहिनी."

"अन् मले काहून नाही सांगितलं?"

"ते म्हणाले, मास्तरले सांगू नका, मी शुक्रवारी येतो, त्याच्याच हातानं काढाले लावतो. मले काय त्या तारेतलं कळते? अन् तुमी तवा कोणाचं ऐकून राहिले होते?"

शुक्रवारी तू अकोल्याच्या दवाखान्यात होतास.

तुझा राग कुठं गेला होता रे? मला तो पाहिजे होता. मी बाजारात तुझं नाक कापलं, आणि तू दुकानात बसून माझ्यासाठी तार कापून लग दाबत होतास. ते लग दाबायला दोन हातांचा जोर लागतो, मला माहीत आहे. चार लग. किती वेळ लागला असेल तुला, याचा मी हिशोब करायला लागतो आणि अर्ध्यात सोडून देतो.

काल दुपारी आम्ही दोघांनी कपाट रिकामं केलं आणि ओढलं. टेप वितळून भिंतीला चिकटला होता. बारीक तारेचं कवच काळं पडून फुगलं होतं. घर पेटलं नाही हे नशीब. मी लगेच काढली नाही ती तार. आधी ते रीडिंग घ्यायचं होतं जे मी तुला घेतलं म्हणून सांगितलं होतं. शोभाला कूलरच्या बटणापाशी उभं केलं, पिना आधीच पेटीवर लावून ठेवल्या. सोपं होतं. दहा सेकंद पुरतात, आधी लावून ठेवल्या तर. मग तीच गोष्ट बॅटरीवर. तीनदा घेतलं. मग जुनी तार काढली, तुझी लावली, आणि पुन्हा तीनदा.

थंडीचे दिवस, माय गोधडीत. कूलरचा वारा अंगावर गेला तशी ओरडली, "थंडीत कूलर लावून राहिला, मारतो काय मले?" मी म्हटलं, माय, युसूफचा कूलर आहे, थोडा सहन कर. तू गेलास हे तिला सांगितलं आहे, ती कधी विसरते, कधी नाही. काल विसरली नव्हती. गोधडी डोक्यावरून घेतली आणि आतून म्हणाली, "चालू दे."

एक तास चालवला. एकदाही टीं झालं नाही.

आज सकाळी तुझ्या दुकानासमोर गेलो. शटर बंद आहे. गजूकडे चहा घेतला. चार लोक होते. मी उभा राहून सांगितलं, मोठ्यानं, कारण मागच्या वेळीही मोठ्यानंच बोललो होतो, की युसूफच्या कामात खोट नव्हती, तार मी कापली होती, मोजलं नसताना मोजलं म्हणून मी सांगितलं होतं. लोक कपात बघत राहिले. गजू म्हणाला, "आता सांगून काय फायदा जी?" फायदा नाही. मलाही माहीत आहे. तो मोटारवाला भेटला की त्यालाही सांगणार आहे, तेव्हाही फायदा नसेल.

घरी येऊन हे लिहायला बसलो. हात जड झाला आहे, आता संपवतो. पण तुझं मागणं राहिलं आहे ते देतो, तू विचारलं होतंस, फरक किती येते ते सांग म्हणून. मधली तार असताना, कूलर चालू, बॅटरीवर बारा पॉइंट तीन, पेटीवर दहा पॉइंट पाच. तुझी तार लावल्यावर, कूलर चालू, बॅटरीवर बारा पॉइंट तीन, पेटीवर बारा पॉइंट एक. माझ्या डोळ्यांनी घेतलं आहे, प्रत्येक वेळी तीनदा, लोड देऊन.

हलवली होती, युसूफ. मीच हलवली होती. मोजलं नव्हतं.

तुझी वाइंडिंग बरोबर होती. ही तर होतीच. तू माझ्या शब्दावर सोडवून टाकलीस ती पहिलीसुद्धा.